गावाने गावासाठी काढलेली चित्रफीत

सायंकाळची कामे आटोपली की एखाद्या घराच्या ओसरीवर वीस-पंचवीस बाया जमतात. समोरची भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली असली तर उत्तमच. नसेल तर तिच्यावर एक धुतलेली चादर ताणून बांधण्यात येते. हाताच्या पंज्यावर मावेल एवढे प्रक्षेपक यंत्र बाजेवर ठेवून गावातीलच एक शिकलेली तरुणी ते सुरू करते. विजेची वाट पाहावी लागत नाही, कारण यंत्र बॅटरीवर चालते. भिंतीवर शेत दिसू लागते, शेतात एक बाई उभी असलेली दिसते, आणि ती बोलू लागते न लागते तोच ओसरीवरून प्रश्न येतो, "ही कोण? कोणत्या गावची?"

प्रश्न साधा आहे. परंतु शेतीविषयक चित्रफिती तयार करण्याच्या कामात पडलेल्या 'डिजिटल ग्रीन' या ना-नफा संस्थेच्या साऱ्या कार्यपद्धतीची उभारणी या एका प्रश्नावर झालेली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पीक कोणते, खत किती दिले, उत्पन्न काय आले, हे प्रेक्षक मागाहून विचारतात. आधी त्यांना माणूस ओळखावयाचा असतो. गावाचे नाव परिचयाचे निघाले, बोली आपली वाटली, लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि मागे दिसणारे घर आपल्यासारखेच असले, म्हणजे भिंतीवरील बाईचे बोलणे मनावर घेतले जाते. तसे नसेल तर चित्र कितीही सुबक असो, "ते मोठ्या शेतकऱ्यांचे आहे" एवढ्या एका वाक्याने त्याची वासलात लागते.

या संस्थेच्या कार्याचा आरंभ २००६ साली बंगळूर येथे, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधन विभागातील एक प्रयोग म्हणून झाला. प्रयोगाचे प्रवर्तक श्री. रिकिन गांधी यांचे शिक्षण संगणकशास्त्र व विमानविद्या या विषयांतील. अंतराळवीर व्हावे अशी त्यांची मनीषा होती. देशी बियाण्यांच्या जतनाचे काम करणाऱ्या कर्नाटकातील ग्रीन फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने त्यांनी खेड्यांतून चित्रीकरण सुरू केले. २००८ साली या प्रयोगाचे स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. पुढे बिहार, ओडिशा इत्यादी राज्यांत आणि आफ्रिकेतील इथिओपियातही तेथील शासकीय यंत्रणांच्या बरोबरीने हे काम पसरले.

साधन नवे असले तरी त्यामागील विचार आपल्याकडे अगदीच अपरिचित नव्हता. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राच्या क्षेत्रातील पाच जिल्ह्यांच्या १५० गावांत युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला होता. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर मंडळात चर्चा करावयाची आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे कळवावयाचे, अशी त्याची रीत होती. १९७५ पासून गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज येथील लहान दूरचित्रवाणी केंद्रावरून खेड्यातील माणसांनाच पडद्यावर आणण्याचा उपक्रम झाला. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात आली होती, ती ही की ऐकणारा किंवा पाहणारा मनुष्य एकटा नसावा आणि त्याला उलट बोलण्याची सोय असावी. फरक एवढाच की त्या काळी चित्रीकरणाचा सरंजाम मोठा व महाग असे आणि तो वापरणारी माणसे शहरातून यावी लागत. हल्ली तळहाताएवढ्या कॅमेऱ्याने हे काम होते आणि तो गावातील मुलीच्याही हाती देता येतो.

कॅमेऱ्यापूर्वीचे काम

आठ-दहा मिनिटांच्या या चित्रफितीचे खरे काम कॅमेरा पेटीतून बाहेर काढण्यापूर्वीच बरेचसे झालेले असते. प्रथम विषय ठरतो. तो एकच असावा लागतो. "भाताची सुधारित लागवड" हा विषय नव्हे, तो ग्रंथ झाला. "पेरणीपूर्वी बी मिठाच्या पाण्यातून काढणे" हा विषय होय. त्यानंतर त्या कृतीच्या प्रत्येक पायरीचे टिपण तयार करण्यात येते आणि ते कृषितज्ज्ञाकडून तपासून घेण्यात येते. मग कोणत्या पायरीच्या वेळी काय दिसेल आणि कोण काय बोलेल, हे लहान लहान चौकटींत रेखाटले जाते. रेखाटन सुंदर असण्याची गरज नसते. रेघांची माणसे व गोलाची बादली एवढ्यावर काम भागते.

सर्वांत अवघड भाग म्हणजे पडद्यावर यावयाच्या व्यक्तीची निवड. येथे विस्तार कार्यातील जुनी सवय आडवी येते. कार्यकर्ता गावात गेला की त्याची पावले साहजिकच अशा शेतकऱ्याच्या वाड्याकडे वळतात की ज्याच्याकडे विहीर, ट्रॅक्टर व बसावयास खुर्च्या आहेत, जो साहेबांशी नीट बोलतो आणि ज्याचे नाव मागील तीन अहवालांत आलेले आहे. असा शेतकरी पडद्यावर छान दिसतो. पाहणारे मात्र मनातून बाहेर पडतात. त्याच्याजवळ सर्व आहे, त्याला काय जाते, असा त्यांचा विचार असतो. म्हणून निवड करताना दोनच कसोट्या लावणे इष्ट ठरते. ती कृती त्या व्यक्तीने स्वतःच्या शेतात, चित्रीकरणाचा प्रश्न निघण्यापूर्वीच, केलेली असली पाहिजे. आणि तिची जमीन व साधने ओसरीवर बसणाऱ्या बायांइतकीच असली पाहिजेत. ती अडखळत बोलते, ही अडचण मानण्याचे कारण नाही. अडखळत बोलणारी बाई हातांनी काम करू लागली की तिचे बोलणे आपोआप मोकळे होते. चित्रीकरण कशासाठी आहे व ते कोठे दाखविले जाणार आहे हे तिला व तिच्या घरच्यांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी लागते, हे निराळे सांगावयास नको.

मीठ, पाणी आणि हात

चित्रीकरणात नेमके काय घडते हे कळण्यासाठी भाताच्या बीजप्रक्रियेचेच उदाहरण घेऊ. ही प्रक्रिया आपल्या राज्यातील भात उत्पादकांना ठाऊक आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून ३ टक्के द्रावण तयार करावयाचे, त्यात बी सोडून ढवळावयाचे, पाणी स्थिर झाल्यावर वर तरंगणारे पोकळ व हलके बी काढून टाकावयाचे. तळाशी राहिलेले जड बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवून २४ तास सावलीत वाळवावयाचे. त्यानंतर त्यास शिफारस केलेले बुरशीनाशक व सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धक चोळावयाचे. कागदावर हे पाच ओळींत मावते.

समजा, एका बाईच्या अंगणात याचे चित्रीकरण चालू आहे. ती रोजच्या सवयीने मिठाच्या बरणीत हात घालते आणि दोन मुठी मीठ बादलीत टाकते. तिचे चुकलेले नसते. वर्षानुवर्षे काम करून तिच्या मुठीला अंदाज आलेला आहे. परंतु पाहणाऱ्या वीस बायांच्या वीस मुठी निराळ्या आहेत आणि बादल्याही निराळ्या आहेत. मीठ कमी पडले तर पोकळ बियांपैकी बरेचसे तळाशीच राहते आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. जास्त झाले तर चांगले बीही वर येऊन फेकले जाते. म्हणून येथे कॅमेरा थांबवून मीठ तोलून घ्यावे लागते आणि तागडीचा काटा पडद्यावर स्पष्ट दिसेल इतका जवळून टिपावा लागतो.

पुढची पायरी धुण्याची. चित्रीकरण करणाऱ्या मुलांना ती कंटाळवाणी वाटते. बी तरंगण्याचे दृश्य गमतीचे असते, त्यापुढे पाणी ओतणे व काढणे यात पाहण्यासारखे काय आहे, असे म्हणून जुळणीच्या वेळी ती कापली जाण्याचा संभव असतो. ती कापली गेली तर काय होईल याचा विचार करावा. चित्रफीत पाहून घरी गेलेली बाई बी मिठाच्या पाण्यातून काढील आणि न धुताच वाळत घालील. मिठाचा अंश राहिलेल्या बियाची उगवण बिघडते. रोपवाटिकेत रोपे विरळ आली की दोष चित्रफितीतील बाईला लागतो, आणि ती बाई शेजारच्याच गावची असते, बाजारात भेटते. तेव्हा धुणे एकदा नव्हे, दोन-तीन वेळा दाखवावे लागते, आणि प्रत्येक वेळी गढूळ पाणी ओतून देताना दाखवावे लागते.

याहून अधिक दक्षता जे बोलले जात नाही त्याविषयी घ्यावी लागते. कॅमेऱ्यासमोर जे जे येते ते ते शिकविले जाते, मग ते शिकविण्याचा कोणाचा हेतू असो वा नसो. बुरशीनाशक चोळताना बाईचे हात उघडे असतील, तर तोंडाने हातमोजे घालण्यास कितीही सांगितले तरी पाहणारे हातांकडे पाहतात. मीठ ज्या वाटीने घेतले तीच वाटी औषधाला वापरली, चोळलेले बी भाजीच्या परातीत पसरले, मागे एखादे मूल त्या बियांत खेळत बसले, तर या तीनही गोष्टी प्रेक्षक घरी घेऊन जातात. कार्यकर्त्याने भाषणात चूक केली तर ती हवेत विरते. चित्रफितीतील चूक मात्र जितक्या वेळा ती लावावी तितक्या वेळा पुन्हा होते. यासाठी हातमोजे, निराळे भांडे व प्लास्टिकचा कागद ही सामग्री आदल्या दिवशीच जमवून ठेवावी लागते. हातमोजे मिळत नसल्यास दुधाच्या किंवा किराणाच्या स्वच्छ पिशव्या हाताला बांधून काम करता येते, आणि असे दृश्य नव्या कोऱ्या मोज्यांपेक्षा प्रेक्षकांना जवळचे वाटते. काम झाल्यावर त्या पिशव्यांची विल्हेवाट लावतानाही दाखवावे, नाहीतर त्या घरात परत जातात.

आणखी एक मोह असतो. आज भिजविलेले बी वाळण्यास एक दिवस लागतो आणि उगवण दिसण्यास आणखी काही दिवस जातात. एवढा वेळ थांबण्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या रोपवाटिकेतील हिरवीगार रोपे टिपून शेवटी जोडून द्यावीत, असे वाटते. शहरातील प्रेक्षकांना ते कळणारही नाही. परंतु भिजविलेले बी बारीक दाण्याच्या जातीचे आणि उगवलेली रोपे जाड्या जातीची, हा फरक भात लावण्यात जन्म गेलेल्या बायांच्या नजरेतून सुटणे कठीण. एवढा एक जोड उघडकीस आला की उरलेल्या नऊ मिनिटांवरचाही विश्वास उडतो. म्हणून चार खेपा घालाव्या लागल्या तरी त्याच अंगणातील त्याच बियाची रोपे दाखविणे श्रेयस्कर होय.

ध्वनी व प्रकाश यांविषयी थोडक्यात सांगता येईल. भर दुपारच्या उन्हात चेहरे काळे पडतात, तेव्हा सकाळी किंवा उन्हे कलल्यावर काम करावे. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज, पाणी ओढणारे इंजिन आणि लग्नसराईतील कर्णे हे चित्रीकरणाचे तीन शत्रू होत. बोलणाऱ्या व्यक्तीचा आवाज स्वच्छ नसेल तर चित्र चांगले असूनही ते टाकून द्यावे लागते. उलट चित्र किंचित अंधुक असले तरी आवाजाच्या बळावर ते चालून जाते.

हंगामाची गाठ

चित्रपट काढणाऱ्यांना पाऊस यंत्राने पाडता येतो. शेतीच्या चित्रफितीला ती मुभा नाही. पेरणीपूर्वीची कृती पेरणीच्या तोंडावरच पाहावयास मिळते, आणि ती ज्यांना दाखवावयाची त्यांचीही पेरणी त्याच आठवड्यात असते. चित्रीकरण, जुळणी, तज्ज्ञाची तपासणी आणि गावोगाव खेळ यांत महिना गेला तर बी जमिनीत पडलेले असते आणि चित्रफीत पुढच्या वर्षापर्यंत पेटीत राहते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे यंदाच्या हंगामात टिपून ठेवून पुढील हंगामाच्या आरंभी दाखविणे. दुसरा, पाण्याची सोय असलेल्या ज्या गावात रोपे लवकर टाकली जातात तेथे चित्रीकरण करून ते उशिरा पेरणी करणाऱ्या गावांत तातडीने पोहोचविणे. दुसऱ्या उपायात घाई होते आणि घाईत तपासणी राहून जाते. पहिल्यात वर्ष जाते खरे, परंतु एक लाभ असा की कापणीचे उत्पन्नही त्याच बाईच्या तोंडून सांगता येते. उगवण आणि कापणी या दोन्ही गोष्टी एकाच चित्रफितीत असल्या तर "पुढे काय झाले?" हा ओसरीवरचा दुसरा प्रश्न निरुत्तर राहत नाही.

ओसरीवरील तपासणी

चित्रफीत तयार झाली म्हणजे काम संपले, असा समज असेल तर तो येथे सोडून द्यावा लागतो. खेळ चालविणारी तरुणी यंत्र लावून बाजूला बसत नाही. मीठ तोलण्याचे दृश्य आले की ती चित्र थांबविते व विचारते, "किती मीठ घेतले? पाणी किती होते?" उत्तर चुकले तर तेवढा भाग पुन्हा दाखविला जातो. शेवटी कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणाला ही कृती करून पाहावयाची आहे, याची नोंद ती वहीत करते. आणि काही दिवसांनी त्या बाईच्या शेतावर जाऊन कृती खरोखर झाली किंवा नाही हे पाहून येते. नुसते "करीन" म्हणणे आणि केलेले असणे, यांच्या नोंदी निरनिराळ्या ठेवण्यात येतात. विस्तार कार्याच्या पुष्कळ अहवालांतून नेमका हाच भेद पुसला जातो, हे या क्षेत्रातील अनुभवी मंडळी मान्य करतील.

आरंभीच्या काळात १६ गावांतील १,०७० कुटुंबांत चार महिने या पद्धतीची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. रूढ विस्तार पद्धतीच्या तुलनेत काही विशिष्ट कृतींचा अवलंब सातपट आढळला, आणि अवलंबामागे होणारा खर्च विचारात घेता ही पद्धत किमान दहापट परिणामकारक ठरली. आकडे मोठे आहेत, म्हणूनच ते जपून वापरावेत. चाचणी चार महिन्यांची होती, गावे थोडी होती आणि कृती निवडक होत्या. कोणत्याही गावात कोणतीही चित्रफीत लावली की सातपट अवलंब होईल, असा अर्थ त्यातून निघत नाही. चाचणी करणाऱ्यांनीही यशाचे श्रेय यंत्राला दिलेले नाही. माणसे आणि त्यांचे परस्परसंबंध यांमुळेच ही पद्धत चालते, असे त्यांचे स्पष्ट प्रतिपादन आहे.

हल्ली प्रत्येक घरी मोबाईल फोन आहे आणि त्यावर शेतीच्या चित्रफितींना तोटा नाही. त्यांपैकी कित्येक उपयुक्त आहेत, कित्येक औषधे खपविण्यासाठी काढलेल्या आहेत. त्या एकट्याने पाहिल्या जातात, मध्येच थांबवून "किती मीठ?" असे विचारणारे तेथे कोणी नसते आणि पाहणाऱ्याचा प्रश्न चित्रफीत काढणाऱ्याकडे सहसा परत जात नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या हातीही आज चांगला कॅमेरा असलेला फोन असतोच. तेव्हा यंत्राची उणीव आहे असे नव्हे. उणीव असते ती टिपण तपासून घेण्याची, आदल्या दिवशी सामग्री जमविण्याची आणि वही घेऊन दुसऱ्यांदा शेतावर जाण्याची.

त्या वहीतून काय निघते, हे वरील उदाहरणावरूनच पाहता येईल. तागडीचा काटा एवढ्या काळजीने दाखविल्यावर एखादी बाई हमखास विचारणार की, "आमच्या घरी तागडीच नाही, मग मीठ कसे मोजावे?" हा प्रश्न नोंदला जातो व तो चित्रीकरण करणाऱ्या मंडळींपर्यंत जातो. उत्तर दुकानात मिळते. मिठाची पुडी दुकानातून तोलूनच येते. एक किलोच्या पुडीला सुमारे ३३ लिटर आणि अर्ध्या किलोच्या पुडीला साडेसोळा लिटर पाणी घेतले की ३ टक्के द्रावण होते. पाणी मोजण्यास एक लिटरची रिकामी बाटली पुरते. पुढील चित्रफितीचे पहिले दृश्य मग असे असते : तेच अंगण, तीच बाई, न फोडलेली अर्ध्या किलोची मिठाची पुडी, आणि बाटलीने बादलीत पाणी ओतीत ती मोठ्याने मोजते आहे.